तिसऱ्या मजल्यावरचा डाव

आमच्या गल्लीच्या तोंडाशी वह्या-पेनांचं एक छोटंसं दुकान आहे. परवा झेरॉक्स काढायला तिथे उभी होते, तर शेजारी शाळेच्या गणवेशातली एक मुलगी दोरीला टांगलेलं पत्त्यांचं पाकीट विकत घेऊन तिथल्या तिथे दातांनी फोडत होती. चकचकीत कागद फाटला आणि कोऱ्या पुठ्ठ्याचा, ताज्या शाईचा वास आला. किंचित गोडसर, किंचित उग्र. मुलीने पत्ते पंख्यासारखे पसरले, एकेकावरून नजर फिरवली आणि मैत्रिणीला म्हणाली, "ए, दोनशेदहावाला आला यार!" दुकानदार माझे कागद पुढे करून उभा होता, "मॅडम, झालं," म्हणत होता. मी मात्र त्या वासासरशी सहा वर्षं मागे गेले होते, आमच्या जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. ती इमारत आता नाही. मुलुंडमधल्या तिच्यासारख्या कितीतरी इमारतींप्रमाणे तीही नव्या टॉवरसाठी पाडली गेली.

ज्यांच्या घरात मुलं नाहीत त्यांच्यासाठी सांगते. हे आपले बदाम-इस्पिकचे पत्ते नव्हेत. यांच्यावर तऱ्हेतऱ्हेचे काल्पनिक प्राणी असतात. कुणाच्या शेपटीला आग, कुणाच्या पाठीवर कमळ, कुणी नुसताच गोल गुबगुबीत. प्रत्येकाच्या वरच्या कोपऱ्यात एक आकडा असतो, तो त्याचा जीव. खाली त्याचे वार लिहिलेले असतात, कुठला वार समोरच्याचा किती जीव घेतो त्याच्या आकड्यासकट. समोरासमोर दोघांनी बसायचं, आपापले प्राणी लढवायचे, ज्याचा जीव संपला तो पत्ता बाद. माझी लेक तेव्हा आठ वर्षांची, तिसरीत होती. बोरिवलीच्या तिच्या आतेभावाचं या खेळातून मन उडालं, तेव्हा त्याने बुटांचा एक खोका भरून पत्ते तिला देऊन टाकले. तिने ते रंगांप्रमाणे लावले, रबर घातले, उशाशी घेऊन झोपली. मी त्यांच्याकडे धड पाहिलंही नाही. मला तेव्हा एकाच गोष्टीची काळजी होती, आणि ती म्हणजे तिची वजाबाकी.

मी क्लासमध्ये गणित शिकवते. दहावीच्या मुलांना बीजगणित आणि भूमिती. एकच उदाहरण चार वेळा समजावून सांगताना माझा आवाज कधी चढत नाही, असं माझे विद्यार्थी सांगतात, आणि ते खरंच आहे. परक्यांच्या मुलांसाठी माझ्याकडे जो धीर होता, तो घराच्या उंबरठ्याबाहेर चपलांसोबत काढून ठेवल्यासारखा मी आत येत असे. गणितवाल्या बाईंच्या मुलीला बावन्नातून सत्तावीस वजा करता येऊ नयेत, याची मला लाज वाटायची. आज हे लिहिताना त्या लाजेचीच जास्त लाज वाटते. रोज जेवणाआधी आम्ही दोघी वही घेऊन बसायचो. दोनातून सात जात नाहीत, मग काय करायचं? मला माझ्या बाईंनी जे शिकवलं होतं तेच मी तिला सांगत होते, शेजारून एक उसना घ्यायचा. ती घ्यायची. कधी दोनदा घ्यायची, कधी घेऊन विसरायची. मग तिचे ओठ थरथरू लागत, पेन्सिलीचं टोक मोडे, आणि खोडरबराने घासून घासून कागदाला भोक पडे.

एका संध्याकाळी तिने मान वर करून विचारलं, "आई, शेजारून उसना घेतला, तर मग त्याला परत कधी द्यायचा?"

मला वाटलं, ही माझी थट्टा करतेय. दिवसभर बोलून घसा सुकलेला, चाचणीत पंचवीसपैकी चार गुण मिळालेला कागद समोर, आणि त्यावर हे. माझा हात उठला. आवाज खूप मोठा झाला नसेल, पण मला तो अजून ऐकू येतो. ती रडली नाही. गालावर हात ठेवून पुन्हा वहीत बघू लागली, आणि तिने तिथेच, त्याच बावन्नखाली, काहीतरी एक आकडा लिहून टाकला. मला गप्प करण्यासाठी लिहिलेला आकडा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उलटी झाली. गणिताचा तास असलेल्या दिवशी अशी उलटी व्हायची, हे माझ्या लक्षात यायला आणखी काही दिवस जावे लागले. त्या दिवशी मी एवढंच म्हणाले, "पुढच्या चाचणीत पास झाली नाहीस, तर तो खोका कचऱ्यात जाईल."

त्याच संध्याकाळी ती नाहीशी झाली.

माझा क्लास पाच ते सात. तेवढा वेळ ती समोरच्या काकूंकडे बसायची. मी आले, तर काकू म्हणाल्या, "अगं, ती तर मघाशीच गेली. घरी जाते म्हणाली." घराला कुलूप. खाली कंपाउंडमध्ये मुलं क्रिकेट खेळत होती, त्यांनी तिला पाहिलं नव्हतं. मी गच्चीवर धावले, पाण्याच्या टाकीमागे पाहिलं, कोपऱ्यावरच्या मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन आले. त्या वीसेक मिनिटांत माझ्या मनात जे जे येऊन गेलं ते सांगत नाही. ज्यांनी कधी आपलं मूल शोधलं आहे त्यांना ते ठाऊक आहे. परत येऊन जिना चढताना तिसऱ्या मजल्यावर एक दार अर्धवट उघडं दिसलं आणि आतून तिचा आवाज आला. चढा, ठणठणीत, कित्येक महिन्यांत न ऐकलेला आवाज. "नाही हां काका! असं चालणार नाही!"

त्या घरात एक काका राहत. वय पंचाहत्तरच्या पुढे, मूळचे मालवणकडचे. तरुणपणी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर मुलुंडमध्येच एका छोट्या कारखान्यात डाय-साच्यांच्या कामावर लागले आणि तिथून निवृत्त झाले. मुलगा-सून नोकरीला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. काका आमच्या इमारतीत प्रसिद्ध होते ते दोन गोष्टींसाठी, तिरसट बोलणं आणि पत्त्यांचं वेड. पूर्वी जिन्याच्या मधल्या जागेत चौघा म्हाताऱ्यांचा मेंढीकोटचा डाव रोज रंगायचा. मग एक जण गावी गेला, एक वारला, एकाला दिसेनासं झालं. चौघांतले एकटे काका उरले. दुपारी वर जाताना दिसायचं, खिडकीशी बसून ते एकटेच पत्ते पिसत असत. वाटायला समोर कुणी नसताना.

मी दार लोटलं. जमिनीवर जुनी सतरंजी, तिच्यावर माझ्या लेकीचे ते रंगीत प्राणी मांडलेले, काही पत्त्यांवर चिंचोके ठेवलेले, आणि दोन्ही बाजूंना दोघं मांडी ठोकून बसलेली. मला पाहताच तिचा चेहरा विझला. तो क्षण मी विसरलेले नाही. आपल्या मुलीचा चेहरा आपल्याला पाहून विझतो, हे पाहणं फार कठीण असतं.

"खोका टाकून देशील म्हणून इथे ठेवायला आणला," ती पुटपुटली. "मग काकांनी विचारलं, कसं खेळतात."

काका माझ्याकडे न पाहता आपला पत्ता हलवत म्हणाले, "चेडवाक मारतंस तू? जिन्यात आवाज येता."

चेडू म्हणजे मुलगी, एवढं मालवणी मला कळत होतं. त्यांच्या बोलण्यात उपदेश नव्हता, रागही फारसा नव्हता. नळ गळतोय हे सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं होतं. मी उभीच राहिले, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बस नायतर जा. मधी उभी रवू नको, उजेड अडता." आणि मग, "उद्या पाठव गो हिका. तू क्लासाक जातंस तेव्हा. माका खेळूक गडी नाय."

मला खरं तर नाही म्हणायचं होतं. पण सकाळपासून जी मुलगी माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती, ती आत्ता कुणाशी तरी भांडत होती. मी हो म्हणाले.

असा तो डाव सुरू झाला. रोज पाच ते सात. मी क्लासमध्ये फळ्यावर समीकरणं सोडवत असे, आणि तिकडे तिसऱ्या मजल्यावर आग गवताला जाळत असे आणि पाणी आगीला विझवत असे. घरी परतताना ती मला तुटक तुटक सांगायची. काका त्या प्राण्यांना सरसकट 'भुतां' म्हणतात. काकांना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून सगळे वार तीच वाचून दाखवते. काका हरले की चिडतात, लहान आहे म्हणून तिला एकही डाव सोडत नाहीत. शेवटचं ऐकून मला थोडं वाईट वाटलं. म्हाताऱ्या माणसाने लहान मुलीला जिंकू द्यायला काय हरकत आहे, असं मनात आलं. आणि एक दिवस ती जिन्यातच फणकारून म्हणाली, "आई, काका ना चीटिंग करतात!"

काही दिवसांनी क्लासची वीज गेली म्हणून मी लवकर परतले आणि तिला घ्यायला वर गेले. दार नेहमीसारखं अर्धवट उघडं होतं. आत न जाता मी चौकटीशीच थांबले. डाव ऐन रंगात होता. तिने सत्तरचा वार केला होता. काकांच्या भुताचा जीव एकशेऐंशी.

"एकशेवीस रवले," काका म्हणाले, अगदी सहज, दुसरीकडे बघत.

"एकशेदहा!"

"कसां काय?"

"सत्तरवरून शंभरपर्यंत तीस. शंभरवरून एकशेऐंशीपर्यंत ऐंशी. तीस नि ऐंशी एकशेदहा. काका, तुम्ही दहा ढापले!"

"बरां बरां. तुझी आवस मास्तरीण ना, म्हणून शाणी झालंस." त्यांनी कुरकुरत आणखी एक चिंचोका पत्त्यावर ठेवला.

मी चौकटीला धरून उभी राहिले. ही माझीच मुलगी होती. वजाबाकी करत होती, तोंडी, तिप्पट वेगाने, आणि जी रीत मी तिला कधी शिकवली नव्हती त्या रीतीने. ती वरून खाली उतरतच नव्हती. जे गेलं तिथून चढत चढत, जिथे होतं तिथपर्यंत पोहोचत होती आणि वाटेतल्या पायऱ्या मोजत होती. आगीपुढे गवत आलं की वार दुप्पट होतो, ते ती पापणी लवायच्या आत करत होती. कारण समोरचा माणूस लबाड होता, आणि हिशोब चुकला तर तिचा लाडका प्राणी मरणार होता. माझ्या वहीतल्या बावन्न आणि सत्तावीस या आकड्यांचं काय जगत-मरत होतं?

पुढे जे झालं ते माझ्यासाठी सगळ्यात मोलाचं. चिंचोक्यांची त्यांची एक रीत होती. एक चिंचोका म्हणजे दहाचा मार. पत्त्यावर दहा चिंचोके जमले की ते उचलून त्याऐवजी कॅरमची एक सोंगटी ठेवायची, म्हणजे शंभर. ही युक्ती काकांची, पत्त्यावर पसारा नको म्हणून. आणखी चाळीसचा मार खाऊन काकांच्या भुतावर आता एक सोंगटी आणि एक चिंचोका होता, आणि त्यांच्या हातात औषधाचा पत्ता आला. त्याने तीसचा मार भरून निघतो. तीन चिंचोके उचलायचे. पण पत्त्यावर चिंचोका एकच.

"सोंगटी सुटी कर," काका म्हणाले. तिने डब्यातून दहा चिंचोके मोजून काढले, सोंगटी परत डब्यात टाकली. अकरातून तीन उचलले. आठ उरले. खेळ पुढे गेला. तिला ते करताना क्षणभरही अडायला झालं नाही.

त्या रात्री मी वही काढली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माझ्या आत काहीतरी सैलावत होतं, आणि मला ते घाईने बिघडवायचं नव्हतं. तिसऱ्या दिवशी रविवार होता. मी तिला म्हणाले, "मला शिकव ना तुझा खेळ." तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं, मग खोका उघडला. मी तीन डाव हरले. चौथ्या डावात तिने मला नियम नीट समजावून सांगितला, आवाज न चढवता, दोनदा. खेळ संपल्यावर ती आपणहून उठली, दप्तरातून गणिताची वही काढून आणली आणि ते जुनं पान उघडलं. बावन्न वजा सत्तावीस. शेजारी तिने त्या दिवशी लिहिलेला तो वाटेल तो आकडा.

"आई, हे पाच म्हणजे सोंगट्या ना? आणि हे दोन चिंचोके?"

"हो."

"सात चिंचोके उचलायचेत, दोनच आहेत. मग एक सोंगटी सुटी करायची." तिने पाच खोडून चार केले, दोनच्या जागी बारा लिहिले. "बारातून सात गेले पाच. चारातून दोन गेले दोन. पंचवीस." मग माझ्याकडे वळून, मोठ्या माणसाने लहानाची समजूत घालावी तशी म्हणाली, "उसना घ्यायचाच नसतो गं. ती आपलीच सोंगटी असते."

मी इतकी वर्षं गणित शिकवत आले होते, आणि माझ्या मुलीने विचारलेला प्रश्न किती नेमका होता हे मला त्या दिवशी कळलं. उसनं घेतलेलं परत द्यायचं असतं, हे तिला आम्हीच शिकवलं होतं. वाटीभर साखर आणली की वाटी भरून परत जाते. मग गणितात शेजारून घेतलेलं कुणी परत का करत नाही? ती थट्टा करत नव्हती. ती विचार करत होती, आणि विचार करण्याबद्दल मी तिला मारलं होतं. मी तिला जवळ घेतलं आणि तसं सांगितलं. "त्या दिवशी तू बरोबर विचारलं होतंस. मी चुकले." माझ्या कुशीतूनच ती म्हणाली, "आता तू चहा कर, मी पत्ते पिसते."

पुढच्या चाचणीत तिला पंचवीसपैकी सतरा मिळाले. चोवीस नव्हे, सतरा. पण सकाळची उलटी थांबली. डाव दोन वर्षं चालला. नंतर नंतर तळमजल्यावरची दोन मुलंही येऊन बसू लागली, आणि काकांच्या लबाडीवर नजर ठेवायला आता तिघांचे सहा डोळे झाले. मी एकदा त्यांना मुगाचे लाडू द्यायला गेले, तेव्हा धीर करून विचारलंच. "काका, तुम्ही मुद्दाम चुकीचं मोजायचात ना? तिने शिकावं म्हणून?"

त्यांनी लाडू फोडला, तोंडात टाकला, सावकाश चावला. "मी काय मास्तर आसंय? मी जन्मात कधी सरळ पत्ते खेळूक नाय." आणि मग डोळे बारीक करून हसले. त्या हसण्याचा अर्थ मला आजतागायत लागलेला नाही, आणि खरं सांगायचं तर मी तो लावायचा प्रयत्नही सोडून दिला आहे. कुणी शिकवायचं ठरवून शिकवतो, कुणी नुसतं सोबतीला गडी हवा म्हणून बसतो. दुसऱ्या तऱ्हेचे शिक्षक भेटायला भाग्य लागतं.

मग इमारत पाडायचं ठरलं. बिऱ्हाडं पांगली. आम्ही जवळच भाड्याने जागा घेतली. काकांच्या मुलाने दहिसरला, नदीच्या बाजूला घर केलं. निघायच्या आदल्या दिवशी लेकीने त्यांना आपल्या खोक्यातले साठ पत्ते निवडून दिले, एका डावाला लागतात तेवढे बरोबर. काकांनी ते मोजून घेतले. दोनदा.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही दोघी त्यांना भेटायला गेलो. दोन बस बदलून, एक चौक चुकून. काका खूप थकले होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याला धूसर दिसतं. लेक आता नववीत, त्यांच्यापेक्षा उंच झालेली. त्यांनी तिचा हात चाचपला आणि पहिलं वाक्य बोलले ते, "भुतां हाडलंस?" तिने आणली होती. पलंगावरच डाव मांडला. आकडे तीच सांगत होती, आणि माझ्या लक्षात आलं की त्यांची भुतं जरा जास्तच टिकताहेत. दहा इकडे, वीस तिकडे, ती त्यांच्या पदरात टाकत होती. मी खिडकीकडे तोंड केलं. दोन खेपा त्यांनी तसंच चालू दिलं. तिसऱ्या खेपेला पत्ता तिच्या हातावर आपटून म्हणाले, "नव्वद नाय, सत्तर. माका दिसणा नाय, मोजूक येता." ती खळखळून हसली. मग सरळ खेळली, आणि जिंकली.

निघताना त्यांच्या पाया पडले. जे इतकी वर्षं बोलायचं राहिलं होतं ते बोलायला तोंड उघडलं, "काका, तुम्ही आमच्यासाठी जे केलंत..." त्यांनी हाताने माशी वारावी तसं ते वारलं. मग माझ्याकडे, म्हणजे माझा आवाज येत होता त्या दिशेकडे, तोंड करून म्हणाले, "तू पण खेळ गो कधीतरी. नुसती शिकवीत बसतंस."

खाली रस्त्यावर आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. लेकीने माझ्या कोपरात हात अडकवला आणि शाळेतलं काहीतरी सांगू लागली. कुणाशी तरी झालेलं भांडण, कुठल्या तरी बाईंचा राग, विज्ञानात थोडक्यात हुकलेले गुण. सगळं, न निवडता, न लपवता, मध्येच हसत. ती गणितात अजूनही बेताचीच आहे आणि पुढे तिला गणिताशी फारसं काही करायचंही नाही. त्याचं मला आता काही वाटत नाही. मी नुसती ऐकत चालले होते. बस समोरून गेली तरी आम्ही दोघींनी हात केला नाही.